खिडकीमागची खिडकी

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसचं पत्रक आलं. कॉम्प्युटरने ते वाचून दाखवलं आणि स्टेनोबाईंनी ऐकलं. मजकूर चारच ओळींचा होता. न्यायालयातल्या साक्षींची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करायला जे ॲप वापरात आहे ते शुक्रवारी दुपारी एक वाजता कायमचं बंद होईल. त्याआधी प्रत्येकाने नवीन ॲप आपापल्या कॉम्प्युटरवर बसवून घ्यावं. लिंक सोबत दिली आहे. अडचण आल्यास मदतकक्षाला फोन करावा.

बाईंनी ते पुन्हा एकदा ऐकलं आणि पायाखालचं पेडल दाबून अर्धी राहिलेली साक्ष पुढे चालू केली. एका गोदामाला लागलेल्या आगीचा खटला होता. साक्षीदार थांबत थांबत बोलणारा होता, त्यामुळे बोटांना दम खायला सवड मिळत होती.

वीस वर्षं त्या न्यायालयात लघुलेखिका होत्या. नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे त्यांना स्टेनोबाई म्हणत. मग डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. नजर कडेकडून आत आत मिटत गेली आणि तीन वर्षांपूर्वी जे काय धुरकट दिसायचं तेही गेलं. ऑफिसने काढून टाकलं नाही, पण खालच्या मजल्यावर चौकशीच्या काउंटरवर नेऊन बसवलं. कोणतं दालन कोणत्या मजल्यावर, एवढंच सांगायचं. तिथे त्यांच्याशी कोणी वाकडं बोललं नाही. उलट सगळे इतके हळुवार बोलायचे की बाईंना घरी येऊन उशीवर मुठी आपटाव्याशा वाटायच्या. आठ महिने काढले त्यांनी त्या काउंटरवर. त्याच काळात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्क्रीन रीडर शिकल्या. स्क्रीनवरचा मजकूर आवाजात सांगणारा प्रोग्राम तो. माउस हद्दपार, सगळं बटणांनी. परीक्षा दिली, अधीक्षकांच्या मागे लागल्या आणि घरी बसून साक्षी टाइप करायचं काम मिळवलं. आता ऑफिसातल्या सगळ्या टंकलेखकांत सर्वांत कमी चुका त्यांच्या निघत.

स्क्रीन रीडरचा आवाज त्यांनी इतका भरभर ठेवला होता की दुसऱ्याला त्यातलं अक्षर कळू नये. त्यांचे सासरे त्याला बडबडी म्हणत. "तुझी बडबडी श्वास कधी घेते गं?" असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

बुधवारी दुपारी हातातली साक्ष पाठवून झाल्यावर बाईंनी नवीन ॲप उतरवून घेतलं आणि एंटर दाबला. "तयारी चालू आहे," बडबडी म्हणाली. मग गप्प झाली.

बाई थांबल्या. पाच मिनिटांनी टॅब दाबून बघितला. काही नाही. बाण दाबले. काही नाही. कॉम्प्युटर बंद पडला म्हणावा तर घड्याळ विचारलं की वेळ बरोबर सांगत होता. वीस मिनिटांनी त्यांनी सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "तयारी चालू आहे." पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

"मदतकक्ष, बोला," एक तरुण म्हणाला.

"नवीन ॲप बसवतेय. 'तयारी चालू आहे' म्हणतं आणि पुढे हलतच नाही."

"ओके मॅडम. स्क्रीनच्या मधोमध निळं बटण दिसतंय ना, त्यावर क्लिक करा."

"मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर वापरते."

"म्हणजे स्क्रीन काळी झाली आहे का?"

"स्क्रीन छान आहे. मी आंधळी आहे."

पलीकडे मागे दुसरे फोन वाजत होते.

"सॉरी मॅडम. मग... घरी कोणी आहे का?"

हे वाक्य बाईंना पाठ होतं. दवाखान्यात, पोस्टात, जिथे जावं तिथे शेवटी गाडी याच स्टेशनवर येऊन थांबायची. त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी माणसं आहेत. पण काम माझं आहे. कोणतं बटण दाबायचं तेवढं सांगा."

"आमच्याकडे तशी माहिती नाही मॅडम. तुमची तक्रार नोंदवून घेतो. वरिष्ठ फोन करतील."

तक्रारीचा नंबर मिळाला. वरिष्ठांचा फोन काही आला नाही.

गुरुवारी दुपारी आला तो अधीक्षकांचा. अधीक्षक मनाने चांगला माणूस. त्यांनी आधी तब्येत विचारली, घरच्यांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले. "स्टेनोबाई, यादीत तुमच्या नावापुढे अजून खूण नाही. नवीन ॲप जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. सोमवारपासून चौकशीचं काउंटर आहेच. तुमची खुर्चीसुद्धा तिथेच आहे अजून."

"जमेल साहेब," बाई म्हणाल्या.

"तसं नाही, मी आपलं सांगून ठेवलं."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ कीबोर्डवर बोटं ठेवून नुसत्या बसल्या. त्या खुर्चीचा डावा हात सैल होता आणि टेकलं की कुरकुरायचा. तो आवाज त्यांना आत्तासुद्धा ऐकू आला.

संध्याकाळी नवरा आला. तो बस डेपोत मेकॅनिक. घरात शिरल्यावर आधी हातापायांचं तेल-काळं धुवायचा आणि मग बोलायला लागायचा. बाईंचं तोंड बघून त्याने ओळखलं.

"अडलंय वाटतं. उठ, मी करतो. दोन मिनिटांचं काम."

"तुम्ही दमून आलाय. आणि मला शिकायचंय ते कसं..."

"शिक गं मग सावकाश. उद्या एकची वेळ आहे ना? आधी बसवून तर टाकू."

बाई उठल्या. खरं तर उठायची इच्छा नव्हती. पण ती खुर्ची कानात कुरकुरत होती. नवऱ्याने कपाटातून जुना माउस शोधून जोडला. बडबडी त्याच्या प्रत्येक हालचालीला बोलायला लागली, तसा तो तिसऱ्या वाक्यालाच वैतागला. "हिला जरा गप्प करतो. डोकं चालू देत नाही." एक क्लिक झाला आणि खोली शांत झाली.

मग नुसतेच टकटक आवाज. बाई बाजूला उभ्या. आपल्याच टेबलापाशी आपल्याला काही कळत नाही, हे त्यांना नवीन नव्हतं, पण सवयीचंही झालं नव्हतं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"थांब जरा." टकटक. "हं. काहीतरी विचारत होतं. हा प्रोग्राम बदल करणार आहे, करू द्यायचा का. कोण कुठला प्रोग्राम, मी नाही म्हटलं."

"अहो, तोच तर प्रोग्राम. ती परवानगी द्यायची होती."

"असं होय. मग परत विचारेल की." टकटक, टकटक. "आता नाही विचारत. सगळं बंदच झालं."

"कुठे विचारलं होतं? कोणत्या भागात?"

"स्क्रीनवर. कुठे म्हणजे काय?"

बाईंनी हात पुढे करून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला उठवलं. खुर्चीत बसून स्क्रीन रीडर चालू करायची बटणं दाबली. पहिल्यांदा चालू झाला नाही, दुसऱ्यांदा झाला.

"रागावलीस," नवरा म्हणाला.

"आवाज बंद केल्यावर मला कसं कळणार काय चाललंय ते? तुम्ही काम करत होतात आणि मी नुसती उभी."

"मदतच करत होतो ना."

"हो. मदतच करत होतात."

जेवताना सासऱ्यांनी एकदा सुनेकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला.

पण अंथरुणावर पडल्यावर बाईंच्या डोक्यात नवऱ्याचं वाक्य फिरत राहिलं. काहीतरी विचारत होतं. म्हणजे ॲप अडकलं नव्हतं. ते प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसलं होतं, फक्त तो प्रश्न बडबडीपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे प्रश्न कुठेतरी लपतोय. कुठे, तेवढं शोधायचं.

शुक्रवारी सकाळी नवरा डेपोत गेला. घरात बाई आणि सासरे दोघंच. नऊ वाजता बाई टेबलापाशी बसल्या आणि ॲप पुन्हा सुरू केलं. "तयारी चालू आहे." शांतता. उघड्या खिडक्यांमधून एकेक करून फिरायची बटणं त्यांनी दाबली. ॲपची खिडकी होती, पत्रकाची होती, बाकी काही नव्हतं. परवानगीची खिडकी त्या रांगेतच नव्हती. दहा वाजले. मदतकक्षाचा फोन सतत गुंतलेला लागत होता. शेवटचा दिवस, सगळेच फोन करत असणार.

सासरे दाराशी येऊन उभे राहिले. त्यांची चप्पल जमिनीवर घासल्याचा आवाज बाईंना कळत असे.

"काही हवंय का बाबा?"

"मला नको. तुला काही हवंय का ते बघायला आलो."

सासऱ्यांनी पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. चौकातल्या दुकानाच्या एका फळीवर बसून, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलायचे. मग हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग चहाची कपबशी वाजेल इतके. दोन वर्षांपूर्वी फळी आवरली. तेव्हापासून घरात कोणी त्यांना कशाला हात लावू देत नसे. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तर मुलगा धावत यायचा, "बाबा, राहू द्या." ते राहू द्यायचे. दिवसेंदिवस बोलणंही कमी झालं होतं.

बाईंनी आजवर त्यांना स्क्रीनकडे बघायला सांगितलं नव्हतं. मागितली मदत की ती करून टाकली जाते, हा त्यांचा अनुभव. त्या जरा घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, "बाबा, मला काही करून देऊ नका. माउसला हात लावायचा नाही. फक्त काय दिसतं तेवढं सांगाल?"

"माझे हात असे, मी कशाला लावतोय?" सासरे म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "घड्याळ उघडलं की आम्ही पहिल्यांदा नुसतं बघायचो. माझा उस्ताद तर हात मागे बांधून बघायला लावायचा. सांग, कुठून सुरू करू?"

"वरून. डावीकडून उजवीकडे."

"वर डाव्या कोपऱ्यात चित्रं आहेत, एकाखाली एक, सहा. सहावं कचऱ्याच्या डब्याचं. मधे एक पांढरी खिडकी, साधारण वहीएवढी. तीत लिहिलंय..." त्यांना वाचायला वेळ लागला. "तयारी चालू आहे. खाली एक आडवी नळी आहे, रिकामी. तिच्यात एक हिरवा ठिपका एकाच जागी आहे."

"बाजूला काही?"

"मोकळं. खाली सगळ्यात शेवटी एक काळी पट्टी आहे, इकडून तिकडे. तिच्यावर छोटे छोटे चौकोन. पहिला, दुसरा, तिसरा..." ते थांबले. "पाचवा लुकलुकतोय."

बाईंची बोटं थांबली. "लुकलुकतोय म्हणजे?"

"तांबूस होतो, परत काळा होतो. बाकीचे स्थिर आहेत. त्याच्यावर ढालीचं चित्र आहे, निळं-पिवळं. तो काहीतरी सांगायला बघतोय."

प्रश्न तिथे होता. मधोमध उघडण्याऐवजी खालच्या पट्टीत दुमडून बसला होता आणि लुकलुकून बोलावत होता, तेही डोळ्यांना. बाईंनी खालच्या पट्टीवर उडी मारायची दोन बटणं एकदम दाबली. ही त्या वर्गात शिकल्या होत्या, पण कधी वापरायची वेळ आली नव्हती. मग उजवा बाण. बडबडी एकेक नाव घेत गेली आणि पाचव्यावर म्हणाली, "परवानगी, लक्ष हवे आहे."

बाईंनी एंटर दाबला. बडबडी जोरात सुटली. हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करणार आहे, करू द्यावेत का, होय, नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा ते वाक्य त्यांच्या कानांवर पडलं. त्यांनी बोट उचललं आणि 'होय' दाबलं.

"ठिपका सरकला," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात दुकानातला जुना सूर होता. "नळी भरायला लागली."

बडबडीही टक्के सांगायला लागली. दहा. वीस. चाळीस. साठावर ती पुन्हा गप्प झाली.

या खेपेला बाईंनी घाई केली नाही. आधी खालची पट्टी तपासली. काही लुकलुकत नव्हतं, 'लक्ष हवे' असं कोणी म्हणत नव्हतं. मग उघड्या खिडक्यांची रांग. ॲपची खिडकी, पत्रक आणि एक "शीर्षक नाही". नाव नसलेली खिडकी त्या नेहमी ओलांडून जायच्या. असल्या बिननावाच्या खिडक्यांत सहसा काही नसतं.

"बाबा, पांढऱ्या खिडकीच्या आजूबाजूला काही बदललं का?"

स्टूल पुढे सरकलं. त्यांचा श्वास स्क्रीनच्या अगदी जवळ ऐकू आला.

"उजव्या बाजूला, खिडकीच्या मागून एक कड दिसतेय. राखाडी. दोऱ्याएवढी. मघाशी नव्हती."

"मागून?"

"हो. एक छोटी खिडकी मोठीच्या पाठीमागे अडकलीय. थोडी बाहेर आली म्हणून दिसली."

बाई त्या बिननावाच्या खिडकीवर परत गेल्या आणि या वेळी पुढे न जाता तिथेच थांबून पूर्ण खिडकी वाचायची बटणं दाबली. बडबडीने वाचलं. जुने ॲप अजून चालू आहे, ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न, रद्द.

"जुनं ॲप तर मी बंद केलंय," बाई पुटपुटल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. खिडकी बंद केली तरी पेडलशी बोलणारा त्याचा एक तुकडा मागे राहायचा, खालच्या पट्टीच्या टोकाला, घड्याळाजवळच्या बारीक चित्रांत. पेडल दाबलं की जुनं ॲप आपोआप जागं व्हायचं ते त्याच्याचमुळे. त्या बाणांनी तिथवर गेल्या, तो तुकडा शोधला, बंद केला, परत आल्या आणि 'पुन्हा प्रयत्न' दाबलं.

सत्तर. नव्वद. शंभर. "स्थापना पूर्ण."

सासऱ्यांनी मांडीवर हात मारला. "अकरा वाजून पस्तीस मिनिटं," ते म्हणाले. घड्याळवाल्याची सवय.

"बाबा, तुम्ही नसतात तर..."

"मी काय केलं? मी आपला बसलो होतो." पण ते स्टुलावरून उठले नाहीत.

ॲप उघडलं, तर त्यातही गंमत होतीच. बडबडी म्हणाली, "बटण. बटण. बटण. बटण." बनवणाऱ्याने बटणांना चित्रं दिली होती, नावं द्यायची राहून गेली होती. सासऱ्यांनी क्रम सांगितला: पहिलं मागे नेणारं, दुसरं थांबवणारं, तिसरं चालू करणारं, चौथं पुढे नेणारं. बाईंनी तो पाठ केला. पेडल जोडून बघितलं, आगीच्या साक्षीदाराचा आवाज सुरू झाला, पाय उचलला की थांबला. अधीक्षकांच्या यादीत आपल्या नावापुढे खूण पडेल असा संदेश पाठवून झाला, तेवढ्यात फोन वाजला.

"मदतकक्षातून बोलतेय," एक मुलगी म्हणाली. आवाज दमलेला होता. "तुमची बुधवारची तक्रार माझ्याकडे आली आहे. खूप उशीर झाला, माफ करा. अजून अडलंय का?"

"बसलं ॲप. तक्रार बंद करा. पण आधी कागद-पेन घ्या."

"कशाला?"

"कुठे कुठे अडतं आणि बटणांनी कसं सोडवायचं ते सांगते. उद्या दुसऱ्या कोणाला लागेल."

मुलीने खरंच लिहून घेतलं. मधेच थांबवून विचारलं, पट्टीवर जायची बटणं पुन्हा सांगा, 'लक्ष हवे' कुठे ऐकू येतं. मग म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या न्यायालयात एक टंकलेखक आहेत. तेही तुमच्यासारखा स्क्रीन रीडर वापरतात. मंगळवारपासून रोज फोन करतात. आम्ही त्यांना काल सांगून टाकलं की हे ॲप तुमच्यासाठी होणार नाही." ती पुढे बोलायला अडखळली. "मीच सांगितलं. मी त्यांना विचारून तुमचा नंबर देऊ का?"

"माझा कशाला? त्यांना विचारा आणि त्यांचा मला द्या. वेळ कुठे आहे?"

बारा वाजून सात मिनिटांनी बाईंनी तो नंबर लावला. पलीकडून एका पोक्त माणसाचा भारदस्त आवाज आला. "बोला."

बाईंनी कोण, कुठून ते सांगितलं. माणूस हसला. "मला ऑफिसात रेडिओ म्हणतात. माझं काम संपलं हो बाई. सोमवारपासून टपाल विभागात पाकिटं चिकटवायची आहेत. हुकूम निघाला."

"हुकूम सोमवारचा आहे ना? आज शुक्रवार आहे आणि बारा वाजून आठ मिनिटं झालीत. कॉम्प्युटर चालू आहे का?"

"चालू आहे. पण त्यात डोळे लागतात म्हणे. माझ्या घरी बायको आहे, ती पण जन्माची माझ्यासारखीच. आमच्याकडे दिवासुद्धा पाहुण्यांसाठी लावतो आम्ही."

"मलाही वाटलं होतं डोळे लागतात म्हणून. शोधताना एकदा लागले, आता लागणार नाहीत. कुठे काय लपतं ते मला ठाऊक आहे. फोन स्पीकरवर टाका आणि मला तुमचं यंत्र ऐकू द्या."

त्यांचा स्क्रीन रीडर बाईंच्याहून वेगात बोलत होता. बाईंनी कान टवकारले. "तयारी चालू आहे," असं त्यांच्याकडेही म्हणालं आणि थांबलं.

"इथेच मरतंय ते रोज," रेडिओ म्हणाले.

"मरत नाही, वाट बघतंय. खालच्या पट्टीवर जा. उजवा बाण. मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका."

एक, दोन, तीन. सातव्या चौकोनाला आलं: "परवानगी, लक्ष हवे आहे."

रेडिओ हळूच म्हणाले, "चार दिवस बोलावत होतं की मला."

"दाबा आता."

साठ टक्क्यांवर बिननावाची खिडकी मिळाली, पण उतावीळपणे रेडिओंचं बोट 'रद्द'वर पडलं आणि सगळं बंद झालं. बारा पस्तीस. त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. "चालू द्या," बाई म्हणाल्या, "मी न्यायालयात वीस वर्षं काढलीत. पहिल्यापासून घ्या. या वेळी पेडलचा तुकडा आधीच बंद करून टाकू, म्हणजे ती दुसरी खिडकी येणारच नाही." ही युक्ती त्यांना त्याच क्षणी सुचली होती. स्टुलावर बसलेल्या सासऱ्यांनी मान हलवली आणि बाईंना ती दिसणार नाही हे आठवून तोंडाने म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या खेपेला नळी एका दमात भरली. बारा वाजून एक्कावन्न मिनिटांनी "स्थापना पूर्ण" असं इकडच्या खोलीत ऐकू आलं. रेडिओंच्या घरात कोणी तरी भांडं खाली ठेवलं आणि एक बाईमाणूस विचारू लागली, "झालं का हो? झालं का?"

"तिसरं बटण चालू करायचं," बाईंनी सांगितलं. "नावं नाहीत, मोजून दाबा."

"मोजायचं काय, आम्ही जिने मोजतो," रेडिओ म्हणाले. "बाई, सव्वीस वर्षं मी लोकांचं बोलणं टाइप केलं. पाकिटं चिकटवायला मला लाज नव्हती. पण..." त्यांनी ते वाक्य अर्धंच सोडलं आणि बाईंनीही ते पूर्ण करायला लावलं नाही.

"आधी तुमच्या साहेबांना कळवा," त्या म्हणाल्या. "नऊ मिनिटं उरली आहेत."

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुतले आणि दाराशी उभा राहून म्हणाला, "दुपारी साहेबांकडून तासभर सुट्टी मागितली होती, येऊन बघतो म्हणून. मिळाली नाही."

"बसलं ॲप," बाई म्हणाल्या. "साडेअकरालाच."

"कोणी बसवलं?"

"मी. बाबांनी बघितलं."

नवरा बापाकडे वळला. सासरे पेपर वाचत होते, म्हणजे तसं दाखवत होते. "बाबांनी?"

"नुसतं बघितलं," सासरे म्हणाले. "हात नाही लावला."

नवऱ्याने स्टूल ओढलं आणि बायकोजवळ बसला. "मला दाखव," तो म्हणाला. "काल मी काय चुकलो ते दाखव. आणि हिला बोलू दे, फक्त जरा सावकाश." बाईंनी आवाजाचा वेग निम्म्यावर आणला. तरीही त्याला दोनदा विचारावं लागलं. कालचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही नाही. पण तो पाऊण तास तिथे बसला आणि एकदाही माउसला शिवला नाही.

पुढच्या आठवड्यात मदतकक्षाचं नवीन पत्रक आलं. त्यात स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना होत्या, जवळपास बाईंच्याच शब्दांत. रेडिओंचा टपाल विभागाचा हुकूम मागे घ्यायला मात्र अकरा दिवस लागले, कारण एकदा निघालेला हुकूम रद्द करायला दुसरा हुकूम काढावा लागतो आणि त्यावर सह्या लागतात. ते अकरा दिवस त्यांनी पाकिटं चिकटवली आणि रोज संध्याकाळी बाईंना फोन करून आकडा सांगितला. बटणांना नावं यायला दोन महिने गेले.

साक्षींसोबत कधी कधी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो येत. गावांची नावं, गाड्यांचे नंबर, कारकुनाने घाईत खरडलेले. बडबडीला ते वाचता येत नसत आणि बाई त्यासाठी ऑफिसात फोन करत, तासन् तास वाट बघत. एका सकाळी तसा फोटो आला तेव्हा त्यांनी फोन उचलला, पुन्हा ठेवला आणि हाक मारली.

"बाबा, मोकळे आहात का?"

सासरे जुनं भिंग शोधून घेऊन आले. स्टूल ओढून बसले आणि स्क्रीनवर वाकले.

"सावकाश सांगू का?"

"सावकाश. डावीकडून."

"चार," सासरे म्हणाले. "मग एक. नाही, थांब, एक नाही तो. सात आहे. लिहिणाऱ्याला घाई होती."

बाईंनी सात टाइप केलं.